संथ हालचालींचा भार: पडण्याची धास्ती घेतलेल्या एका महिलेचे ताई ची आणि चिगाँगच्या सरावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील बाई ७१ वर्षांच्या असून निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून इतर वैयक्तिक तपशील वगळले आहेत. दोन्ही गुडघ्यांची मध्यम झीज, औषधांनी आटोक्यात असलेला रक्तदाब आणि झोपेसाठी रात्री घेतली जाणारी एक गोळी, एवढाच त्यांचा वैद्यकीय इतिहास होता. घरात काहीतरी आवरत असताना मागून हाक आली म्हणून त्या झटक्यात वळल्या, एक पाय दुसऱ्यात अडकला आणि त्या उजव्या कुशीवर पडल्या. मनगटाला मुका मार लागला, हाड मात्र शाबूत राहिले आणि सूज आठवडाभरात उतरली. केवळ दुखापतीचा विचार केला तर प्रकरण तिथेच संपायला हवे होते.

ते संपले नाही, कारण त्या दिवसापासून बाईंच्या चालण्याची रीतच बदलली. त्या भिंतीला हात लावत चालू लागल्या, पावले आखूड पडू लागली, नजर सतत पायांकडे राहू लागली आणि संध्याकाळचा फेरफटका आधी निम्म्यावर आला व पुढे पूर्ण थांबला. घरच्यांनी काळजीपोटी त्यांच्या हातातील कामे काढून घेतली. मुलगी वारंवार सांगे, "आई, तू बसून राहा, मी आणून देते," आणि बाईही ते ऐकत. चार महिन्यांत परिस्थिती अशी झाली की खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा दिल्याशिवाय त्यांना उठता येईना. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलेले वाक्य या प्रकरणाच्या मुळाशी आहे: "दुखतंय म्हणून चालत नाही असं नाही हो, पडेन की काय या विचारानंच पाय जड होतो."

पडण्याची धास्ती हा वृद्धापकाळातील एक स्वतंत्र धोका मानला जातो आणि तो तसा मानला जाण्याचे कारण बाईंच्या या चार महिन्यांत स्पष्ट दिसते. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की मांडीचे व पोटरीचे स्नायू अशक्त होतात, घोट्यांची चपळाई जाते, आणि मग तोल खरोखरच बिघडतो, म्हणजे सुरुवातीला जी भीती वाजवीपेक्षा मोठी होती ती हळूहळू वाजवी ठरत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि अपघाती मृत्यूंच्या कारणांत याचा क्रमांक रस्ते अपघातांनंतर दुसरा लागतो. तरीही एकदा पडून सहीसलामत उठलेल्या माणसाला "आता जपून राहा" यापलीकडे सल्ला क्वचितच मिळतो, आणि जपून राहणे याचा अर्थ बहुतेक जण बसून राहणे असाच घेतात.

तपासणीत काय आढळले

बाई एका ओळखीच्या व्यक्तीकडून ऐकून थेट ताई चीच्या, म्हणजे संथ, सलग हालचालींच्या चिनी व्यायामाच्या, वर्गात नाव घालायला आल्या होत्या. वर्गात उभे करण्याआधी त्यांची तपासणी करण्याचे ठरवले, आणि या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय कदाचित हाच होता.

खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाणे, वळणे, परत येऊन बसणे या चाचणीला त्यांना १४.८ सेकंद लागले. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागणे हे पडण्याचा धोका वाढल्याचे लक्षण समजले जाते. वेळेपेक्षाही बोलके होते ते त्यांचे वळणे: सरळ चालताना त्या ठीक होत्या, पण वळताना त्यांनी पाच-सहा बारीक पावले जागच्या जागी टाकली आणि त्या क्षणी श्वास रोखून धरला. छातीवर हात बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते हे पाहिले, तेव्हा आकडा ८ आला. ७० ते ७४ वयोगटातील स्त्रियांसाठी १० पेक्षा कमी आकडा सरासरीखालचा धरतात. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या चवड्याला टेकवून, दोन्ही पावले एका रेषेत ठेवून उभे राहणे त्यांना जेमतेम ४ सेकंद जमले. ही स्थिती १० सेकंद टिकणे अपेक्षित असते.

यानंतर त्यांना आडवे झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. झोपलेल्या स्थितीत वरचा आकडा १३८ होता आणि उभे राहिल्यावर मिनिटभरात तो ११४ वर आला. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती घसरण लक्षणीय मानतात. अधिक विचारल्यावर बाईंनी सांगितले की पहाटे अंथरुणातून उठताना "क्षणभर अंधारी येते, पण ते वयामुळे असेल," असे समजून त्यांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. त्यांच्या डॉक्टरांना हे लेखी कळवले. त्यांनी रक्तदाबाच्या एका औषधाची मात्रा कमी केली आणि झोपेची गोळी टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. पायांची संवेदना व्यवस्थित होती, चष्म्याचा नंबर अलीकडेच तपासलेला होता, मात्र घरात वापरायच्या सपाता मागून उघड्या आणि तळाशी गुळगुळीत झालेल्या होत्या. त्या पहिल्याच आठवड्यात बदलल्या.

हा तपशील इतक्या विस्ताराने देण्याचे कारण असे की ताई चीसारख्या व्यायामाभोवती एक भाबडा विश्वास आढळतो. सौम्य आहे, म्हणजे कोणीही, कधीही, न तपासता सुरू करावा, असे मानले जाते. बाई त्या दिवशी सरळ वर्गात उभ्या राहिल्या असत्या, तर गोळीच्या अमलात असलेल्या आणि उभे राहताच रक्तदाब उतरणाऱ्या व्यक्तीला एका पायावर तोल सांभाळायला सांगितल्यासारखे झाले असते.

हाच व्यायाम का निवडला

पर्याय दोन होते. खुर्चीचा आधार घेऊन करायचे पायांच्या बळाचे आणि तोलाचे नेहमीचे फिजिओथेरपीचे व्यायाम हा पहिला, आणि ताई ची व चिगाँग (श्वास आणि संथ हालचाली यांची सांगड घालणारा चिनी व्यायाम) हा दुसरा. पुराव्यांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही उपयोगी आहेत. व्यायामाने पडणे कितपत टळते याविषयीच्या चाचण्यांचा २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेला आढावा तोल व दैनंदिन हालचालींवर भर देणाऱ्या व्यायामांनी पडण्याचा दर सुमारे २४ टक्क्यांनी घटतो असे सांगतो. ताई चीबाबत तोच आढावा सुमारे १९ टक्के घट नोंदवतो, पण त्या आकड्याबद्दलची खात्री कमी असल्याचेही नमूद करतो. दुसऱ्या बाजूला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, आदल्या वर्षी पडलेल्या किंवा हालचाल मंदावलेल्या ७० वर्षांवरील ६७० जणांना तीन गटांत विभागून २४ आठवडे व्यायाम दिला गेला. त्यात ताई चीवर आधारलेला आठ हालचालींचा उपचारात्मक कार्यक्रम करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी, आणि बळ, तोल, चालणे असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

सगळेच निष्कर्ष इतके अनुकूल नाहीत. १९९६ मध्ये अटलांटा येथील अभ्यासात ७० वर्षांवरील व्यक्तींमध्ये १५ आठवड्यांच्या ताई चीनंतर वारंवार पडण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे दिसले होते, परंतु त्याच संशोधकांनी अधिक दुर्बल झालेल्या वृद्धांवर ४८ आठवड्यांचा जो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. बाईंच्या बाबतीत या दुसऱ्या अभ्यासाने विचारात पाडले, कारण चार महिने बसून राहिल्यामुळे त्या दुर्बलतेच्या उंबरठ्यावर होत्या. निष्कर्ष असा काढला की त्यांना थांबवून ठेवण्यात शहाणपणा नाही आणि जे करायचे ते दुर्बलता आणखी वाढण्याआधी करायला हवे.

गुडघ्यांच्या झिजेचाही प्रश्न होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्या २०४ जणांना १२ आठवडे एकतर ताई ची किंवा नेहमीची फिजिओथेरपी दिली गेली. वेदना आणि हालचाल यांत दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला. मग कौल ताई चीकडे झुकला तो बाईंच्या चाचणीतील त्या वळण्यामुळे. त्यांची अडचण सरळ चालण्यात नव्हती. एका पायावरचे वजन दुसऱ्यावर नेताना आणि दिशा बदलताना ती उघड होत होती. ताई चीचा जवळजवळ प्रत्येक क्षण वजन नेण्यात आणि दिशा बदलण्यातच जातो, शिवाय हे सगळे इतक्या संथपणे करावे लागते की घाईने पाऊल टाकून तोल गेल्याचे झाकता येत नाही.

संथपणाबद्दल इथेच थोडे सांगणे आवश्यक आहे. ऊर्जेच्या हिशोबाने ताई ची साधारण ३ मेट इतका (१ मेट म्हणजे शांत बसलेले असताना खर्च होणारी ऊर्जा), म्हणजे सावकाश चालण्याच्या जवळपासचा व्यायाम आहे, आणि त्यामुळे बघणाऱ्याला तो फारच हलका वाटतो. प्रत्यक्षात गुडघे किंचित वाकलेले ठेवून एका पायावरून दुसऱ्या पायावर पाच-सहा सेकंद घेत जाताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना तेवढा सगळा वेळ भार पेलावा लागतो. नेहमीच्या चालीत तोच पाय अर्ध्या-पाऊण सेकंदात सुटतो. म्हणून या व्यायामाला सौम्य म्हणताना तो सांध्यांवर आदळत नाही एवढाच अर्थ घ्यावा, आणि मात्रा ठरवताना इतर कोणत्याही बळाच्या व्यायामाइतकीच काळजी घ्यावी.

सरावाची आखणी

ताई चीचा उगम चीनच्या हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात, सतराव्या शतकात झाला असे सामान्यपणे मानले जाते. तो मूळचा युद्धकलेचा प्रकार आहे. पुढे त्याच्या यांग, वू, सुन अशा शैली झाल्या आणि १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीच्या लांबलचक क्रमातून २४ हालचालींचा आटोपशीर क्रम बांधून दिला, जो आज जगभर सर्वाधिक शिकवला जातो. वर्गात हाच क्रम चालतो. बाईंसाठी मात्र तो बाजूला ठेवला. २४ हालचालींचा क्रम लक्षात ठेवण्यातच नव्या शिकणाऱ्याचे पहिले काही महिने जातात आणि "आता पुढे काय" या विचारात पायांकडचे लक्ष उडते. त्यांना क्रम पाठ करायचा नव्हता, वळायला शिकायचे होते.

सुरुवात चिगाँगने केली. बादुआनजिन हा आठ हालचालींचा जुना संच आहे. त्यातील दोन्ही हात वर नेऊन जणू आकाश उचलण्याची हालचाल आणि मान व नजर मागे वळवण्याची हालचाल अशा दोनच घेतल्या. पहिलीमुळे पाठीचा आलेला बाक सरळ होतो. दुसरीत पावले स्थिर ठेवून केवळ वरचे शरीर वळवायचे असल्याने, ज्या हालचालीत बाई पडल्या होत्या तिचाच एक सुरक्षित अर्धा भाग त्यांना पुन्हा करता आला. दोन्ही हालचाली आधी खुर्चीत बसून, मग खुर्चीमागे उभे राहून आणि शेवटी खुर्ची हाताच्या अंतरावर ठेवून केल्या. श्वासाबाबत एकच सूचना दिली होती की तो कुठेही अडवू नये. चिगाँगमध्ये श्वास रोखण्याचे आणि तासन्‌तास अंतर्मुख होण्याचे प्रकारही आहेत. रक्तदाबाच्या रुग्णाला श्वास रोखणे हिताचे नाही, आणि अतिरेकी सरावातून मानसिक त्रास उद्भवल्याची नोंद अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या आजार-सूचीतसुद्धा आहे. तेव्हा त्या वाटेला जाण्याचे कारणच नव्हते.

बाईंनी दुसऱ्या आठवड्यात विचारले की 'ची' नावाची जी शक्ती म्हणतात ती आपल्याला जाणवायला हवी का. हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. चिनी परंपरेत 'ची' ही शरीरात वाहणारी जीवनशक्ती मानली आहे आणि परंपरा समजून घेताना ती कल्पना आदराने समजून घ्यावी. परंतु ती कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही आणि या व्यायामाचे परिणाम समजण्यासाठी तिची गरज पडत नाही. त्यांना सांगितले की तळहात गरम झाल्यासारखे वाटले तर वाटू द्या, नाही वाटले तर काही चुकले असे समजू नका, लक्ष तळपायाकडे ठेवा.

तळपाय हा पुढच्या टप्प्याचा मुख्य विषय होता. ताई चीच्या पावलात टाच आधी टेकते, पण तिच्यावर वजन टाकायचे नसते. टेकलेला पाय रिकामा असतो आणि तो केव्हाही परत उचलता आला पाहिजे. वजन मागच्या पायावरच आहे याची खात्री झाल्यावर चवडा खाली येतो आणि मग हळूहळू, मांडीपासून जाणवेल अशा बेताने, भार पुढे सरकतो. बाईंनी पहिल्यांदा हे केले तेव्हा टाच टेकताच सगळे शरीर पुढे कोसळल्यासारखे गेले. त्यांचा मागचा पाय भार पेलायला तयारच नव्हता. म्हणून पाऊल निम्म्याहून आखूड करायला सांगितले आणि एक खूण दिली: टेकलेल्या टाचेखाली कागद ठेवला आहे असे समजायचे आणि तो दुसऱ्या कोणाला सहज ओढून काढता आला पाहिजे. काही दिवस खरोखरच कागद ठेवला. मुलीने तो ओढायचा आणि तो अडकला तर पाऊल पुन्हा टाकायचे, असा खेळ घरी सुरू झाला आणि आईला बसवून ठेवणारी मुलगी त्या निमित्ताने आईला उभे करू लागली. सरावाच्या आखणीत ठरवून न घातलेली ही गोष्ट फार उपयोगी पडली.

यानंतर ढगांसारखे हात फिरवत बाजूला सरकण्याची हालचाल आणि गुडघ्यासमोरून हात नेत पाऊल टाकण्याची हालचाल अशा दोन ताई चीच्या हालचाली घेतल्या. पहिली बाजूला तोल नेण्यासाठी आणि दुसरी पुढे जाण्यासाठी व वळण्यासाठी होती. आठवड्यातून दोनदा तासाभराचा वर्ग आणि उरलेल्या दिवशी घरी १५ मिनिटे असे प्रमाण ठरले. वर्गाच्या तासातसुद्धा बाई पहिले दीड महिना मध्ये मध्ये बसत. वृद्धांनी तोल आणि बळ या दोन्हींवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आखणी करताना डोळ्यांसमोर होती.

मध्येच उद्भवलेली गुडघेदुखी

दीड महिन्यानंतर डावा गुडघा दुखू लागला. वाटीच्या खालच्या बाजूला आणि आतल्या अंगाला दुखत होते, सराव झाल्यावर दुखणे वाढत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहत होते. बाईंच्या मते गुडघे जुनेच दुखणारे, त्यामुळे हे अपेक्षितच होते आणि "थोडं सोसलं की बरं होईल." ताई चीच्या सरावात सांध्यातले दुखणे सोसण्याचा सल्ला देऊ नये, असे ठाम मत इथे नोंदवतो. मांडीचे स्नायू दमल्याने भरून येणे आणि सांध्यात दुखणे यांतला फरक शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच समजावून सांगायला हवा. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले तर मात्रा जास्त झाली, असा व्यवहारातला साधा नियम आहे.

कारण शोधताना घरचा सराव करून दाखवायला सांगितले. वर्गात दिसत नव्हते ते तिथे दिसले. बाई घरी एका तरुण प्रशिक्षकाचा व्हिडिओ लावून सराव करत होत्या आणि त्याच्याइतके खोल वाकण्याचा प्रयत्न करत होत्या. गुडघा पावलाच्या बोटांच्या बराच पुढे जात होता आणि वळताना आतल्या बाजूला कलंडत होता. त्याहून घातक म्हणजे सगळे वजन डाव्या पायावर असतानाच त्या तो पाय जमिनीवर फिरवून दिशा बदलत होत्या. भार पेलणारे पाऊल जमिनीला चिकटलेले असते, त्यामुळे वळण्याचा सगळा पीळ मधल्या सांध्यावर, म्हणजे गुडघ्यावर येतो. झिजलेल्या गुडघ्याला हा पीळ सरळ भारापेक्षा जास्त बाधतो.

तीन बदल केले. उभे राहण्याची उंची वाढवली, इतकी की बाहेरून पाहणाऱ्याला गुडघे वाकलेले आहेत हे जेमतेम कळावे. मोठ्या वयाच्या शिकणाऱ्यांना सुन शैली सोयीची पडते तीही तिच्यातील उंच उभे राहण्यामुळेच. दुसरे, वळण्यापूर्वी त्या पायावरचे वजन मागे घ्यायचे, हलका झालेला पाय टाचेवर फिरवायचा, मग त्यावर भार द्यायचा. तिसरे, गुडघा नेहमी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रोखाने राहील यावर लक्ष ठेवायचे. व्हिडिओ बंद करायला सांगितले नाही, कारण संगीत आणि लय यांमुळे बाईंना सरावाची गोडी लागली होती. आवाज ऐकायचा आणि पडद्याकडे पाठ करायची, अशी तडजोड झाली. पंधरा दिवसांत सकाळचे दुखणे थांबले. उंच उभे राहिल्यामुळे स्नायूंवरचा भार कमी झाला हे खरे, आणि ती उणीव खुर्चीतून सावकाश उठण्या-बसण्याच्या वेगळ्या व्यायामाने भरून काढली. निव्वळ ताई चीचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही, परंतु बाईंना खुर्चीतून उठता येणे अधिक महत्त्वाचे होते.

सहा महिन्यांनंतरची स्थिती

सहा महिने पूर्ण झाल्यावर त्याच चाचण्या पुन्हा घेतल्या. उठून चालून परत बसण्याचा वेळ ११.६ सेकंदांवर आला. खुर्चीतून उठण्याची संख्या ८ वरून ११ झाली. पावले एका रेषेत ठेवून बाई पूर्ण १० सेकंद उभ्या राहिल्या, दुसऱ्या प्रयत्नात का होईना. उभे राहिल्यावर होणारी रक्तदाबाची घसरण १० च्या आत आली होती. वळताना त्या आता तीन पावले टाकतात आणि बोलत असल्या तरी बोलणे थांबवत नाहीत. चालताना बोलणे थांबवावे लागणे हे तोलाकडे जास्तीचे लक्ष द्यावे लागत असल्याचे लक्षण मानतात. त्यामुळे सेकंदांच्या आकड्यांपेक्षा हे निरीक्षण जास्त आश्वासक वाटले.

या काळात बाई एकदा पुन्हा पडल्या. चौथ्या महिन्यात ओल्या फरशीवर टाच सरकली आणि त्या बसक्या स्थितीत खाली आल्या. लागले नाही. पहिल्या वेळी त्या मदतीसाठी ओरडत जमिनीवर पडून राहिल्या होत्या. या वेळी त्या कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या, जवळच्या पक्क्या आधाराला धरून उठल्या आणि मगच मुलीला सांगायला गेल्या. जमिनीवरून उठण्याची ही पद्धत वर्गात स्वतंत्रपणे शिकवली होती. ताई चीच्या कोणत्याही शैलीत ती नाही. घसरल्यावर आठ-दहा दिवस बाईंची पावले पुन्हा आखूड झाली, पण त्यांनी वर्ग चुकवला नाही आणि भिंतीचा आधार परत धरला नाही. मुलीने त्या आठवड्यात न्हाणीघरात पकडायचा दांडा बसवून घेतला.

हा सगळा गुण ताई चीचा म्हणावा का, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर नाही असेच द्यावे लागेल. औषधांची मात्रा बदलली, झोपेची गोळी सुटली, पायांतल्या सपाता बदलल्या, खुर्चीचा व्यायाम जोडला आणि घरच्यांचे वागणे बदलले. यांपैकी प्रत्येक गोष्टीने पडण्याचा धोका कमी होऊ शकतो आणि एका व्यक्तीच्या प्रकरणात त्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. औषध बदलल्यानंतर पहिल्या महिन्यातच अंधारी येणे थांबले होते, तेव्हा ते श्रेय निःसंशय डॉक्टरांचे आहे. वळण्यातला बदल मात्र तिसऱ्या महिन्यापासून, म्हणजे वजन मागे घेऊन पाय फिरवण्याची सवय झाल्यावर दिसू लागला आणि वर्गात जे शिकवले तेच त्यांच्या घरातल्या चालण्यात जसेच्या तसे उमटले. त्यामुळे निदान तेवढ्या सुधारणेचे नाते सरावाशी जोडणे अवाजवी ठरू नये.

झोपेविषयी वेगळे सांगावे लागेल. ताई चीने झोप सुधारते असे दाखवणारे अभ्यास आहेत आणि बाईंनाही तशी आशा होती. गोळी सुटल्यावर पहिले दोन महिने त्यांची झोप उलट बिघडली आणि नंतर पूर्वीच्याच पातळीवर आली, म्हणजे गोळीशिवाय तितकीच झोप मिळू लागली. हा लाभ म्हणायचा की नाही हे बाईंवर सोडले. त्यांनी हसून सांगितले, "रात्री जाग आली तर आता न धरता पाणी प्यायला जाते, तेवढं पुरे."

अद्याप न सुटलेले

डाव्या एका पायावर उभे राहणे बाईंना अजून ३ सेकंदांच्या वर जमत नाही. उजव्या पायावर ९ सेकंद जमते. ही तफावत गुडघ्यामुळे आहे की नितंबाच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंच्या अशक्तपणामुळे, हे तपासण्यासाठी त्यांना आडव्या कुशीवर पाय उचलण्याचा व्यायाम दोन महिने दिला आहे. त्यानंतर पुन्हा मोजमाप घेतले जाईल. ताई चीतील एका पायावर उभ्या कोंबड्याची हालचाल वर्गातील इतर जण करत असताना बाई पायाची बोटे जमिनीला टेकवलेली ठेवून ती करतात आणि तूर्त तसेच करत राहणार आहेत.

२४ हालचालींचा पूर्ण क्रम शिकण्याची इच्छा त्यांनी आता स्वतःहून बोलून दाखवली आहे. दर महिन्याला दोन नव्या हालचाली जोडायच्या, डावा गुडघा दुसऱ्या दिवशी दुखला तर ती हालचाल पुढच्या महिन्यावर ढकलायची, आणि खोल वाकून बसण्याची 'सापासारखे खाली सरकणे' ही हालचाल उंच उभे राहूनच करायची, अशा अटींवर त्यांना होकार दिला आहे. रक्तदाबाची झोपून व उभे राहून मोजणी डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी चालू राहील.